प्रश्नानंतरची शांतता : आपल्याच वर्गाचे कृतिसंशोधन कसे करावे

बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्या छात्राध्यापकाला कृतिसंशोधनाचा, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातील कामाबाबत स्वतः केलेल्या लहान संशोधनाचा, अहवाल सादर करावा लागतो आणि सेवेत आल्यानंतरही जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था शिक्षकांना कृतिसंशोधन हाती घेण्याचे आवाहन करत असतात. माझ्या वाचनात आलेल्या अशा अहवालांपैकी बहुतेकांची शीर्षके ‘विद्यार्थ्यांच्या वाचनातील अडचणींचा शोध व उपाययोजना’ किंवा ‘गणितातील मूलभूत क्रियांत होणाऱ्या चुका’ अशा धाटणीची असतात. त्यांत पूर्वचाचणी असते, उपक्रम असतात, उत्तरचाचणी असते आणि गुण वाढल्याचा निष्कर्षही असतो. परंतु शिक्षकाने स्वतःच्या अध्यापनात नेमके काय बदलले, हे सगळा अहवाल वाचूनही समजत नाही. संशोधनाचा सारा रोख मुलांच्या उणिवांवर असतो आणि शिक्षकाची कृती कोठेही मोजलेली नसते. माझ्या मते कृतिसंशोधनाचा विषय मुलांची अडचण हा नसून शिक्षकाची एखादी मोजता येण्याजोगी कृती आणि तिचा मुलांवर दिसणारा परिणाम हा असला पाहिजे. हे मार्गदर्शन त्या भूमिकेतून लिहिले आहे आणि त्यासाठी एकच उदाहरण अखेरपर्यंत नेले आहे : प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती वेळ थांबतो.

हाच विषय का

अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गातील संवादांचे ध्वनिमुद्रण करून शिक्षकांचे थांबणे मोजले आणि त्याचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात आणि तेवढ्यात उत्तर आले नाही तर प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असे त्यांना आढळले. मुलाने उत्तर दिल्यानंतरही तितक्याच घाईने शिक्षकाची प्रतिक्रिया येते. ज्या शिक्षकांनी सरावाने हे दोन्ही थांबे तीन सेकंद किंवा त्याहून अधिक केले, त्यांच्या वर्गात उत्तरांची लांबी वाढली, उत्तर न देणाऱ्या मुलांचे प्रमाण घटले, मुले आपणहून बोलू लागली, आणि ज्यांना शिक्षक ‘मागे पडलेली’ समजत होते त्या मुलांचा सहभाग वाढला. शिक्षक ज्यांना हुशार मानतात त्यांना उत्तरासाठी नकळत अधिक वेळ देतात आणि ज्यांना खरोखर वेळ हवा असतो त्यांना कमी देतात, हेही रो यांच्या अभ्यासातून पुढे आले. मला ही बाब या सर्व निष्कर्षांत सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण अन्याय करण्याचा हेतू मनात नसलेल्या शिक्षकाच्या हातूनही तो कसा घडतो, हे येथे सेकंदांत दिसते.

ऑस्ट्रेलियातील अभ्यासक केनेथ टोबिन यांनी १९८७ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यातून हेही ध्यानात येते की थांबण्याचा उपयोग विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांच्या बाबतीत होतो. ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती?’ या प्रश्नानंतर तीन सेकंद थांबून काही साधत नाही. म्हणून ‘थांबा वाढवला की शिकणे सुधारते’ असे सरसकट गृहीत धरून कामाला लागणे चुकीचे ठरेल.

कृतिसंशोधन शिकणाऱ्यासाठी हा विषय मला योग्य वाटतो तो आणखी काही कारणांनी. त्याला खर्च नाही, वेगळे साहित्य लागत नाही, पाठ्यक्रम थांबवावा लागत नाही, आणि मोजायची गोष्ट इतकी लहान आहे की तिच्याविषयी स्वतःची फसवणूक करून घेणे अवघड जाते.

समस्या लिहिणे

समस्याविधान लिहिण्याआधी एका नेहमीच्या तासिकेचे ध्वनिमुद्रण करावे आणि ते एकट्याने ऐकावे. शिक्षक आपल्या अध्यापनाबद्दल जे समजत असतो आणि मुद्रणात जे ऐकू येते, त्यांत अंतर असते. खरी समस्या त्या अंतरात सापडते. ऐकताना केवळ दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे : प्रश्नानंतर कोण बोलते आणि किती लवकर बोलते.

आपल्याकडच्या वर्गांत येथे एक गोष्ट हमखास आढळते, ती म्हणजे सामूहिक उत्तर. शिक्षक वाक्य उच्चारतो, शेवटचा शब्द मोकळा सोडतो आणि सारा वर्ग एका सुरात तो भरतो : ‘म्हणजे पाण्याची काय होते? ...वाफ!’ हा प्रश्नासारखा दिसत असला तरी प्रश्न नव्हे. ते वाक्य मुलांकडून पूर्ण करून घेणे आहे. त्यातून वर्ग जागा राहतो, लयही राहते, पण कोणाला समजले आणि कोण इतरांच्या आवाजात आवाज मिसळत आहे, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. आपल्या संशोधनात असे प्रश्न वेगळे काढून त्यांची केवळ संख्या नोंदवावी. थांबा मोजायचा तो एखाद्या मुलाने स्वतःचे उत्तर द्यावे अशा अपेक्षेने विचारलेल्या प्रश्नांनंतरचा.

मुद्रण ऐकून झाल्यावर समस्याविधान असे लिहिता येईल : ‘इयत्ता ६ वीच्या विज्ञानाच्या तासिकेत मी कारण विचारणाऱ्या प्रश्नांनंतर पुरेसा वेळ थांबत नाही, त्यामुळे बहुतांश उत्तरे ठरावीक मुलांकडून आणि एक-दोन शब्दांत येतात.’ या विधानात ‘मी’ हा शब्द आहे, इयत्ता आणि विषय आहे, आणि दोन्ही बाजू मोजता येतात. कृतिगृहीतकही, म्हणजे काय केल्यास काय बदलेल याचा आधी मांडलेला अंदाजही, तितकाच नेमका हवा : ‘कारण विचारणाऱ्या प्रश्नांनंतर किमान तीन सेकंद थांबल्यास उत्तर देणाऱ्या वेगवेगळ्या मुलांची संख्या वाढेल आणि उत्तरांत कारण सांगणारी वाक्ये अधिक येतील.’ मार्गदर्शक प्राध्यापकांना ‘मी’ हा शब्द रुचला नाही, तर ‘संशोधक शिक्षक’ असे लिहावे. मात्र वाक्याचा कर्ता ‘विद्यार्थी’ होऊ देऊ नये.

मोजण्याचे साधन

अध्यापक महाविद्यालयांत वर्गातील आंतरक्रिया मोजण्यासाठी नेड फ्लँडर्स यांची दहा प्रवर्गांची पद्धत शिकवली जाते. तीत दर तीन सेकंदांनी एक नोंद होते : पहिले सात प्रवर्ग शिक्षकाच्या बोलण्याचे, आठवा आणि नववा मुलांच्या बोलण्याचा, आणि दहावा शांतता किंवा गोंधळाचा. वर्गात कोण किती बोलते याचे ढोबळ चित्र मिळवण्यासाठी ही पद्धत आजही चांगली आहे. परंतु आपल्या कामासाठी ती पुरत नाही. एक सेकंदाचा थांबा तीन सेकंदांच्या जाळीतून सुटून जातो. शिवाय मुले विचार करत असतानाची शांतता आणि कोणालाच काही न समजल्यामुळे झालेला गोंधळ, हे दोन्ही तेथे एकाच प्रवर्गात पडतात. आपल्याला नेमका या दोहोंतील फरक पाहायचा आहे. त्यामुळे मान्यताप्राप्त साधन वापरल्याचे समाधान मिळवण्यापेक्षा प्रश्नाला साजेसे साधे साधन स्वतः तयार करावे.

मोबाइलमधील ध्वनिमुद्रक टेबलावर न ठेवता वर्गाच्या मध्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेतील बाकावर ठेवावा, म्हणजे मुलांचा आवाज नीट येतो. पंखा थेट वर असेल तर जागा बदलावी. ३५ मिनिटांच्या तासिकेचे मुद्रण उलगडून लिहायला काही तास लागतात. म्हणून प्रत्येक तासिकेतील चर्चेची दहा मिनिटेच निवडावीत आणि ती कोणती निवडायची हे मुद्रण ऐकण्याआधी ठरवावे. उदाहरणार्थ, ‘पाठाच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांनंतरची दहा मिनिटे’. ऐकून झाल्यावर निवड केली तर हात आपोआप बऱ्या भागाकडे वळतो.

नोंदतक्त्यात प्रत्येक प्रश्नासाठी एक ओळ असावी. तीत पुढील बाबी याव्यात :

- प्रश्न जसा विचारला तसा, शब्दशः
- प्रश्नाचा प्रकार : आठवून सांगण्याचा, कारण विचारणारा किंवा सामूहिक उत्तराचा
- प्रश्न संपल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंतचा थांबा, सेकंदांत
- तो पुढचा आवाज कोणाचा : मुलाचा की शिक्षकाचाच
- उत्तर देणाऱ्या मुलाचा सांकेतिक क्रमांक आणि उत्तर शब्दशः
- उत्तरानंतरचा थांबा आणि शिक्षकाची प्रतिक्रिया

थांबा मोजण्यासाठी मोबाइलचे स्टॉपवॉच पुरते. बऱ्याच ध्वनिमुद्रक ॲपमध्ये आवाजाचा आलेख दिसतो आणि शांततेच्या जागी रेषा सपाट होते. तेथून अर्ध्या सेकंदापर्यंत वाचता येते. त्याहून अधिक काटेकोरपणाची आपल्याला गरज नाही.

उत्तराचा दर्जा कसा मोजायचा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. शब्द मोजणे हा सोपा मार्ग आहे, पण मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडून येत असल्यामुळे दोन-तीन शब्दांतही पुरा विचार मावतो. ‘उन्हामुळे वाळले’ हे दोनच शब्दांचे उत्तर कारण सांगते, तर ‘सर, ते पाणी आहे ना, ते पाणी’ हे सात शब्दांचे उत्तर काहीच सांगत नाही. म्हणून शब्दसंख्येबरोबर एक साधी खूण पाहावी : उत्तरात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘-मुळे’, ‘जर... तर’, ‘पण’ यांपैकी काही आले आहे का. या खुणा मुलाच्या बोलण्यातला तर्क उघड करतात. मूल घरच्या बोलीत बोलले तर त्या बोलीतील अशा शब्दांची यादी आधी करून ठेवावी. घरी वारली, गोंडी, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला उत्तर सुचणे आणि ते प्रमाण मराठीत मांडणे ही दोन कामे करावी लागतात. थांब्याची सर्वाधिक गरज त्याला असते. बोलीतील उत्तर हे पूर्ण उत्तर म्हणूनच नोंदवावे; ते प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिले तर आपल्याच हाताने पुरावा पुसला जातो.

याला जोड म्हणून बैठक आराखड्यावर, म्हणजे कोण कोठे बसते याच्या नकाशावर, प्रत्येक उत्तराची एक रेघ ओढावी. दोन-तीन तासिकांत कोणते कोपरे कोरे राहतात ते दिसू लागते.

पहिली स्थिती नोंदवणे

अध्यापनात काहीही बदल करण्याआधी किमान तीन तासिकांची नोंद हवी. मोबाइल ठेवला की पहिल्या दिवशी मुले एकतर गप्प होतात किंवा मुद्दाम मोठ्याने बोलतात, शिक्षकही सावध होतो. त्यामुळे पहिले एक-दोन मुद्रण मोजणीत धरू नयेत. तासिका निवडताना विषयाचे स्वरूप सारखे असावे. एका तासिकेत प्रयोग आणि दुसरीत उजळणी असेल, तर दोन्हींतील थांब्यांची तुलना होऊ शकत नाही.

समजा, या तीन तासिकांतील तीस मिनिटांत कारण विचारणारे बारा प्रश्न मिळाले आणि त्यांपैकी आठ प्रश्नांनंतर शिक्षकच पुन्हा बोलला. (हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत.) येथे सरासरीऐवजी मध्यांक काढावा; म्हणजे सर्व थांबे लहान ते मोठे अशा क्रमाने लावून मधोमध येणारी संख्या घ्यावी. दारात शिपाई सूचनावही घेऊन आला आणि वीस सेकंद गेले, तर तेवढ्या एका नोंदीने सरासरी बिघडते, मध्यांकाला मात्र फारसा धक्का लागत नाही.

मुलांविषयीची पूर्वमाहिती बाहेर शोधायची गरज नाही. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकाकडे आधीपासून असतात. ‘प्रश्नांची उत्तरे देण्यास संकोच करतो’ अशी नोंद ज्यांच्या नावापुढे आहे, ती मुले बैठक आराखड्यावर कोठे आहेत आणि त्यांना आजवर किती प्रश्न विचारले गेले, हे ताडून पाहावे. कधी कधी असे दिसते की संकोच करणाऱ्या मुलाला प्रश्नच विचारला गेलेला नाही.

कृती

कृतीचा कालावधी चार ते सहा आठवडे असावा. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, आणि राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार त्यात किमान वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून करायचा सराव, आहे. दुसऱ्या वर्षातील सलग सोळा आठवड्यांत हे काम व्यवस्थित बसते. पहिल्या वर्षाच्या चार आठवड्यांत मात्र ते उरकू नये, कारण तोवर मुलांची नावेही पाठ झालेली नसतात.

थांबणे ऐकायला सोपे वाटते, करायला अवघड असते. चाळीस मुलांसमोर तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला फार लांब वाटते आणि आपला वर्गावरचा ताबा सुटत असल्याची भीती वाटते. म्हणून नुसता निश्चय पुरत नाही; पुढील गोष्टी पाठ टाचणात लिहून ठेवाव्या लागतात.

प्रत्येक तासिकेसाठी कारण विचारणारे तीन प्रश्न आधीच शब्दशः लिहावेत. पदार्थांच्या अवस्थांतराच्या पाठासाठी, ‘बाष्पीभवन म्हणजे काय?’ याऐवजी ‘दोरीवरचे ओले कपडे वाळतात, त्यातले पाणी कोठे जाते?’, ‘पावसाळ्यात तेच कपडे दोन-दोन दिवस ओलसर का राहतात?’ आणि ‘थंड पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पेल्याच्या बाहेरच्या बाजूस पाणी कोठून येते?’ असे प्रश्न घेता येतील. तिसऱ्या प्रश्नाला मुले ‘पेल्यातून झिरपते’ असेही म्हणतात. ते उत्तर चुकीचे असले तरी मौल्यवान असते, कारण त्यावरून पुढे काय शिकवायचे ते ठरते. थांबा पुरेसा असेल तरच असे उत्तर बाहेर येते. घाईच्या वर्गात ते मनातच राहते आणि परीक्षेत ‘संघनन’ हा शब्द लिहून मूल पास होते.

प्रश्न एकदाच विचारावा. तो पुन्हा विचारला, शब्द बदलून विचारला किंवा ‘सांगा बरं’, ‘कोण सांगेल?’ अशी भर घातली, की मुलाचा चालू असलेला विचार तुटतो. प्रश्नानंतर मनातल्या मनात सावकाश तीनपर्यंत मोजावे. तोवर हात वर करू नये, असा नियम पहिल्या दिवशीच मुलांना कारणासह सांगावा : ‘सगळ्यांना विचार करायला वेळ मिळावा म्हणून आपण थोडे थांबणार आहोत.’ मुलांपासून हा प्रयोग लपवण्याचे कारण नाही. चटकन उत्तर देणारी मुले सुरुवातीला अस्वस्थ होतात. त्यांना उत्तर पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगावे, म्हणजे त्यांचा उत्साह टिकतो आणि इतरांचा वेळही वाचतो. त्यानंतर बैठक आराखड्यावर कोऱ्या राहिलेल्या भागातील एखाद्या मुलाचे नाव घ्यावे. नाव प्रश्नाच्या आधी कधीच घेऊ नये. ‘गणेश, सांग, पाणी कोठे गेले?’ असे विचारले की उरलेला वर्ग त्या प्रश्नातून मोकळा होतो.

उत्तर मिळाल्यावर पुन्हा थांबावे. ‘शाब्बास’, ‘बरोबर’ किंवा मुलाचेच उत्तर मोठ्याने पुन्हा म्हणणे, ही आपली सवय इतकी जुनी आहे की ती मुद्रण ऐकल्याशिवाय जाणवत नाही. त्या दोन-तीन सेकंदांत बहुधा तेच मूल आपल्या उत्तराला पुरवणी जोडते, किंवा दुसरे मूल ‘नाही सर, तसं नाही’ म्हणून बोलू लागते. मला दोन थांब्यांपैकी हा दुसरा थांबा अधिक फलदायी वाटतो, आणि पाळायला तो पहिल्यापेक्षा कठीण आहे. एकाच वेळी दोन्ही सवयी बदलणे जमत नसेल, तर पहिल्या चक्रात, म्हणजे नोंद, कृती आणि अर्थ लावणे यांच्या पहिल्या फेरीत, फक्त प्रश्नानंतरचा थांबा घ्यावा.

रोज शाळा सुटण्यापूर्वी रोजनिशीत चार-पाच ओळी लिहाव्यात : आज किती वेळा थांबणे जमले, कोठे मोडले, का मोडले. पर्यवेक्षक वर्गात आले म्हणून घाई झाली, पाठ संपवायचा होता, वर्गात गलका झाला, ही सर्व कारणे संशोधनाची सामग्री आहेत. एकच शिक्षक दोन इयत्ता सांभाळत असेल तर दुसऱ्या इयत्तेला लेखी काम दिल्यावरच थांब्याचे प्रश्न घ्यावेत. अन्यथा शांततेच्या प्रत्येक क्षणी दुसरी इयत्ता हाक मारते.

दुसरा डोळा

स्वतःचे मुद्रण ऐकणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. शिक्षक प्रशिक्षणाविषयीच्या संशोधनात ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की केवळ सिद्धान्त ऐकून किंवा प्रात्यक्षिक पाहून नवे कौशल्य वर्गापर्यंत पोहोचत नाही. आपल्या वर्गात ते वापरताना सहकाऱ्याची सोबत मिळाली तरच ते टिकण्याची शक्यता वाढते. राज्यस्तरावरून जिल्हा, तालुका आणि केंद्र असे उतरत येणारे आपल्याकडील प्रशिक्षण नेमके या शेवटच्या टप्प्यावर थांबते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान पन्नास तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे सारे तास सभागृहात आणि ऑनलाइन प्रमाणपत्रांत घालवण्याऐवजी त्यांतील काही तास एकमेकांच्या वर्गात बसण्यासाठी वापरले, तर त्यांचा उपयोग कितीतरी अधिक होईल, असे मला मनापासून वाटते.

सहकाऱ्याला वर्गात बोलावताना त्याला एकच काम द्यावे. जपानमध्ये शिक्षकांचे गट मिळून एका पाठाची आखणी करतात, एक जण तो शिकवतो आणि बाकीचे पाहतात. या पाठ-अभ्यासाच्या परंपरेत निरीक्षकांचे लक्ष शिक्षकापेक्षा मुलांवर असते. आपणही तसेच करावे. सहकाऱ्याला पाठनिरीक्षणाचा छापील तक्ता आणि पदनिश्चयन श्रेणी (‘उत्तम’, ‘साधारण’ असे शेरे देण्याची मोजपट्टी) देऊ नये. वर्गातील तीन मुले दाखवून सांगावे, ‘प्रश्नानंतरच्या शांततेत ही मुले काय करतात तेवढे लिहा.’ ओठ हलतात का, शेजाऱ्याशी बोलतात का, पाटीवर काही लिहितात का, की खिडकीबाहेर पाहतात? ध्वनिमुद्रणात शांतता ही नुसती शांतता असते. ती विचाराची आहे की अलिप्ततेची, हे डोळ्यांनाच कळते.

द्विशिक्षकी शाळेत सहकाऱ्याने आपला वर्ग सोडून येणे शक्य नसते. अशा वेळी केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाशी जोडी जमवावी, दहा मिनिटांचे मुद्रण परस्परांना ऐकवावे आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी अर्धा तास त्यावर बोलावे. केंद्रप्रमुखांना आधी सांगून ठेवले तर यासाठी वेळ मिळू शकतो. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात अशा मासिक बैठका हा कामाचा कणाच होता. हा कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. ‘संगम केंद्रा’वर एकत्र येऊन शिक्षक वर्गातील अडचणी मांडत आणि पुढच्या प्रकरणांची तयारी करत.

अर्थ लावणे

कृतीच्या अखेरीस पुन्हा तीन तासिकांचे मुद्रण, त्याच रीतीने निवडलेली दहा-दहा मिनिटे आणि तोच नोंदतक्ता. सर्वप्रथम थांब्याचा मध्यांक पाहावा. तो वाढलाच नसेल, तर मुलांच्या उत्तरांत दिसणाऱ्या कोणत्याही बदलाचे श्रेय थांब्याला देता येत नाही. अहवालांत हा दुवा बहुधा सुटलेला असतो : उपक्रम ठरला होता, एवढ्यावरून तो पार पडला असे धरले जाते.

टी-मूल्याविषयी, म्हणजे दोन सरासरींतील फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासण्यासाठी काढल्या जाणाऱ्या संख्येविषयी, स्पष्ट लिहिणे भाग आहे. एका वर्गातील वीस-पंचवीस मुलांच्या पूर्व व उत्तरचाचणीतील गुणांवर टी-मूल्य काढून ‘फरक सार्थ आहे’ असे लिहिण्याची प्रथा पडली आहे. दीड महिन्यात मुले एरवीही काही शिकतात. तीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवताना ती परिचयाची झालेली असते. आणि पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुले निवडली असतील, तर त्यांचे गुण दुसऱ्या वेळी काहीही न करता थोडे वर सरकण्याची शक्यता असते, कारण पहिल्या वेळच्या कमी गुणांत त्या दिवसाच्या आजाराचा, भीतीचा किंवा योगायोगाचाही वाटा असतो. टी-मूल्य या तिन्हींपैकी कशालाही वेगळे काढत नाही. विद्यापीठाच्या आराखड्यात ते सक्तीचे असेल तर काढावे, पण निष्कर्ष त्यावर उभा करू नये.

त्याऐवजी कृतीच्या काळातही दर आठवड्याला एका तासिकेची अशीच नोंद ठेवून आठवडानिहाय आलेख काढावा : आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर थांब्याचा मध्यांक, आणि त्याखाली वेगळ्या आलेखात कारणदर्शक उत्तरांचे प्रमाण. थांबा तिसऱ्या आठवड्यात वाढला आणि उत्तरे त्यानंतर बदलू लागली, तर पुरावा बळकट होतो; उत्तरे पहिल्या आठवड्यापासूनच सुधारत असतील तर कारण दुसरे काही असावे, उदाहरणार्थ प्रश्नच चांगले झाले असावेत. तसे असेल तर तेही लिहावे. चांगले प्रश्न आणि पुरेसा थांबा या दोन गोष्टी आपण एकाच वेळी बदलल्या आहेत आणि त्या पूर्णपणे वेगळ्या करता येणार नाहीत, ही मर्यादा लपवू नये.

काही मुलांना मोठा थांबा नकोसाही होतो. सगळ्या वर्गाचे डोळे आपल्यावर आहेत, या जाणिवेने एखादे मूल अधिकच आक्रसते. अशा मुलाची नोंद सरासरीत बुडू देऊ नये. त्याच्यासाठी जोडीत बोलून मग सांगण्याची मुभा द्यावी आणि काय झाले ते स्वतंत्रपणे लिहावे.

परवानगी आणि गोपनीयता

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि पालकसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत काय मुद्रित होणार आहे व कशासाठी, ते सांगावे. मुलांनाही सांगावे, आणि एखाद्या मुलाने किंवा त्याच्या पालकांनी नको म्हटले तर त्याची उत्तरे उतरवू नयेत. चित्रफीत शक्यतो टाळावी. या कामाला आवाज पुरतो. कोणतेही मुद्रण व्हॉट्सॲप गटावर टाकू नये, कौतुकासाठीही नाही. चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाचा आवाज गावभर ऐकवला गेला, तर त्या मुलाचे पुढचे उत्तर आपल्याला कधीच मिळणार नाही. सांकेतिक क्रमांक आणि नावे यांची यादी अहवालापासून वेगळी ठेवावी आणि मूल्यमापन पूर्ण झाल्यावर मुद्रणे पुसून टाकावीत.

अहवाल आणि पुढचे चक्र

प्रकरणांचा ठरीव साचा पाळावा लागतो, तो पाळावा; परंतु ‘संबंधित साहित्याचा आढावा’ या प्रकरणात वीस जुन्या प्रबंधांची शीर्षके उतरवून जागा भरू नये. आपल्या प्रश्नाशी थेट नाते असलेली तीन-चार संशोधने समजून घेऊन, त्यांतील वर्ग आणि आपला वर्ग यांत काय फरक आहे ते लिहावे. रो यांचे काम अमेरिकेतील वर्गांत झाले. सामूहिक उत्तरांची सवय, वर्गातील पट आणि घरची भाषा या बाबतींत आपली परिस्थिती वेगळी आहे, आणि तो फरक हीच आपल्या लहानशा अहवालाची भर असू शकते.

अहवालात कृतीपूर्वीचा एक, मधला एक आणि अखेरचा एक असे तीन संवाद शब्दशः द्यावेत, थांबे कंसात सेकंदांसह. आकडेवारीची पाने उलटली जातात, पण असा संवाद दुसरा शिक्षक थांबून वाचतो आणि त्यात आपला वर्ग ओळखतो. न जमलेल्या तासिकेचा संवादही त्यांत असू द्यावा.

दुसऱ्या चक्राचा प्रश्न पहिल्याच्या नोंदतक्त्यातून निघतो. बहुधा असे दिसेल की प्रश्नानंतरचा थांबा वाढला, पण उत्तरानंतरचा तितकाच राहिला. किंवा बैठक आराखड्यावरचा मागचा उजवा कोपरा अजूनही कोरा आहे. किंवा विज्ञानात जमलेले थांबणे गणिताच्या तासिकेत सुटते. यांपैकी एकच बाब घ्यावी, तिच्यासाठी तक्त्यात लागतील तेवढेच बदल करावेत, आणि पहिल्या स्थितीची नोंद पुन्हा नव्याने घ्यावी. जुन्या नोंदी आधीच्या सवयीच्या असल्यामुळे त्या नव्या प्रश्नासाठी चालत नाहीत.